सोनं खाली आहे, धीर धरा

वैताग एकट्याने सोसला की बीपी वाढतं, चौघांत वाटला की किस्से होतात! सोन्याच्या खाणीच्या एका छोट्या कंपनीचे आम्ही शेअरवाले. बैठक रोह्यात, माझ्या मेडिकलच्या काउंटरवर. डिव्हिडंड अजून दिसलेला नाही, किस्से मात्र ढिगाने साठलेत.

सगळ्यात जास्त अडकल्या त्या सुमनताई. निवृत्त शिक्षिका. लेकीसाठी ठेवलेल्या पाटल्या मोडून त्यांनी शेअर घेतले. "सोनं देऊन खाणच घेतली!" असं तेव्हा हौसेने सांगायच्या. आता वैशाखात लेकीचं लग्न आहे आणि सगळे शेअर विकले तरी धड अंगठी यायची नाही. त्यांच्याकडे बघितलं की कंपनीचा संताप येतो.

*

कंपनीच्या एमडी साहेबांचं उत्तर ठरलेलं. "सोनं खाली आहे. थोडा धीर धरा. पुढच्या तिमाहीत निघेल."

आमच्यातल्या बाळादादाचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. कॉन्फरन्स कॉलवर त्याने एकदा विचारलंच, "साहेब, चतुर्थीला गिऱ्हाईक दारात आला नि मी बोललो, मूर्ती पुढच्या तिमाहीत देतो, तर चालंल काय?"

साहेब म्हणाले, "गुड क्वेश्चन. नेक्स्ट क्वेश्चन प्लीज."

*

मग मी आणि बाळादादा थेट खाण बघायला गेलो. परराज्यात, पदरचं भाडं खर्चून. गेटवर कंपनीची पाटी आणि खाटेवर वॉचमन.

"अंदर क्या चल रहा है?"

"भैंस," तो म्हणाला.

खरंच, आत म्हशी चरत होत्या! परत येऊन मी कंपनीला सणसणीत ईमेल टाकला. उत्तर आलं, "साइटवर हालचाल सुरू असल्याची आपण प्रत्यक्ष खात्री करून घेतलीत, याबद्दल आभार."



*

खाणीतून काही निघालं नाही, पण इथल्याच खांब गावाजवळ साहेबांचं फार्महाऊस निघालं! बातमी कळल्यावर बाळादादा भडकला, "चला, आताच जाब विचारू!"

"नको," सुमनताई म्हणाल्या. "थंडी पडलीय. आपण त्यांना पोपटीला बोलवू, मडक्यात भाजलेल्या शेंगा खायला."

आम्हाला वाटलं, बाईंनी हाय खाल्ली.

साहेब आले, मित्रमंडळींना घेऊन. शेतात मडकं सुमनताईंनी स्वतः भरलं, आम्हाला हात लावू दिला नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला तसे साहेब खुर्ची पुढे पुढे ओढायला लागले.

"वालाच्या शेंगा ना? मुंबईत मिळत नाही हो हे!"

"घरच्या शेतातल्या," सुमनताई म्हणाल्या.

जाळ विझवला. सुमनताईंनी मडकं साहेबांसमोरच्या केळीच्या पानावर रिकामं केलं. वाफाळता पाला पडला. साहेबांनी तो चाळला, मग मडक्यात वाकून पाहिलं. नुसताच पाला!

"ताई, शेंगा कुठायत?"

सुमनताईंनी जमिनीकडे बोट दाखवलं.

"खाली आहेत, साहेब. थोडा धीर धरा. पुढच्या तिमाहीत निघतील!"