देव गाडीत, आम्ही घरात

या घरात आल्यापासून मला हाका माराव्या लागतात. गाडीत कधी हाक मारल्याचं आठवत नाही. हात लांब केला की नवऱ्याचा खांदा लागायचा, पाय लांब केला की चपलांची पेटी. पाच वर्षं आम्ही दोघं त्या मोटरहोममध्ये राहिलो. सुट्टीपुरते नाही हो, कायमचे. दुसरं घरच नव्हतं. आणि आता ॲथलोनला हा तीन खोल्यांचा बंगला. बंगला म्हणजे आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तसला नव्हे, इकडे साध्या बैठ्या घरालाही बंगलाच म्हणतात. तरी स्वयंपाकघरातून "अहो, चहा" म्हटलं तर पुढच्या खोलीत ऐकू जात नाही.

पहिले तीन आठवडे तर हाक ऐकायला घरात कोणी नव्हतंच. हे दारातल्या गाडीत जाऊन बसायचे, झोपायलाही तिथेच. आणि त्याचं निमित्त मीच त्यांच्या हातात दिलं होतं.

पण आधी गाडी कशी आली ते सांगते. नवरा माझा भूल देणारा डॉक्टर. आम्ही आयर्लंडला आलो तेव्हा सहा महिने या गावच्या हॉस्पिटलात, सहा महिने त्या गावच्या, असं चालायचं. पडदे शिवावेत तोवर खिडक्या बदलायच्या. पुढे लिमरिकला जरा स्थिरावलो, मुलगी तिथेच शिकली, लग्न करून लिक्सलिपला गेली. हे निवृत्त झाले आणि वर्षभरात घरमालकाने घर विकायला काढलं. भाड्याची घरं तर मिळेनात. एका दुपारी हे कुणाची तरी जुनी मोटरहोम दारात घेऊन आले. म्हणाले, "आता आपल्याला कोणी घर सोडा म्हणणार नाही. सोडायला लावलंच तर घर घेऊनच निघू."

मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी डबे लावायला घेतले.

आणि काय सांगू, रमले की हो मी! त्या एवढ्याशा जागेत प्रत्येक वस्तू दोन-दोन कामं करायची. सिंकच्या झाकणावर पोळ्या लाटायच्या. बादलीभर पाण्यात आंघोळ, भांडी आणि वर दोन रुमाल. कुकरची शिट्टी झाली की शेजारच्या गाडीतली माणसं डोकावायची, "एव्हरीथिंग ऑलराइट?" म्हणून. मग त्यांना वाटीभर वरणभात. केरीमधल्या एका आजोबांनी तर तीन दिवस शिट्टीची वाट बघितली असेल, बरोबर वेळेला वाटी घेऊन हजर.

निघताना आमची एक उजळणी असायची. मी विचारायचे, हे स्टिअरिंगवर बसून उत्तर द्यायचे.

"गॅस?"

"बंद."

"प्रेस?" इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, तोच शब्द आमच्या तोंडी बसला.

"बंद."

"पायरी?"

"आत."

"देव?"

यावर उत्तर मीच द्यायचे, "मांडीवर." कारण देव माझ्या मांडीवरच असायचे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवतेचा टाक, सगळे पोळ्यांच्या डब्यात, माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून. एकदा प्रेसला कडी लावायची राहिली आणि कॉनेमाराच्या वळणावर मिसळणाचा डबा जो उडाला, तो पुढची दोन वर्षं गाडीतल्या गालिच्यावर हळदीचा डोंगर होता. आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचे, आयर्लंडचा सगळ्यात पिवळा डोंगर म्हणून.

देवांची फळी टेबलाच्या वर पक्की ठोकलेली. आणि माझा हट्ट असा की मुक्कामाला देवांचं तोंड पूर्वेला हवं. घर असलं तर देव्हारा फिरवता येतो, इथे सगळं घरच फिरवायचं. यांचा देवावर काडीचा विश्वास नाही, पण ती गाडी मात्र ते फिरवायचे. होकायंत्र हातात धरून आधी खाली उतरायचे, शेतात चार पावलं इकडे, चार तिकडे, मग मागेपुढे, मागेपुढे. डोनेगलला सगळ्यांच्या मोठ्या खिडकीत अटलांटिक आणि आमच्या खिडकीत शेजाऱ्यांची वाळत घातलेली पँट. तिथला जागेचा मालक यांना "योर मॅन विथ द कम्पास" म्हणायचा, म्हणजे तो होकायंत्रवाला. पण सकाळी ऊन आलंच, म्हणजे आलं तर हो, तर ते सगळ्यांत आधी बाळकृष्णाच्या गुडघ्यावर यायचं. हे चहा ढवळता ढवळता म्हणायचे, "घे, पोचलं तुझ्या साहेबांना."

गेल्या उन्हाळ्यात ते थांबलं. यांना काचबिंदू आहे हे माहीत होतं, थेंब चालू होते. पण मेयोमधल्या एका वळणावर समोर मेंढी होती आणि ती यांना दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून मेंढी वाचली. यांनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "बास," म्हणाले. पुढे कधी स्टिअरिंगवर बसले नाहीत. जावई येऊन गाडीसकट आम्हाला लिक्सलिपला घेऊन गेला. मुलगी-जावयाने धावपळ केली, आमच्याजवळचं होतं ते घातलं, आणि हे घर झालं. गाडी जावयाने दारात आणून लावली.

घराची किल्ली हातात आली ती नेमकी पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी! आता पितृपक्षात नव्या घरात देव कसे न्यायचे? मी म्हटलं, आपण झोपायला जाऊ आत, गाडीत थंडी आहे, पण देव पंधरा दिवस गाडीतच राहतील. मुलगी फोनवर हसली. "आई, म्हणजे जे काही वाईट व्हायचंय ते आपल्याला झालं तर चालेल, देवांना नको?"

माझं बोलणं यांनी लगेच पकडलं, फोनमध्ये तिला म्हणाले, "बरोबर आहे तुझ्या आईचं. आणि देव एकटे कसे ठेवायचे? मी झोपतो गाडीत."

मला वाटलं, थट्टा चाललीय. तर खरंच उशी घेऊन गेले. मी सकाळ-संध्याकाळ पूजेला गाडीत जायचे, जेवणाचं ताट गाडीत न्यायचे. रोज एक एक दिवस मोजत होते. सर्वपित्री झाली आणि मी म्हटलं, "चला, सुटलो. आता देव आत न्यायचे आणि तुम्हीही या."

"कसं शक्य आहे? उद्या घट बसतात. नवरात्रात देव बसलेले असतात, हलवायचे नसतात. तूच सांगायचीस ना दरवर्षी?"

जन्मभर ज्या माणसाने सत्यनारायणाला पेपर वाचला, तो मला शास्त्र शिकवत होता! आणि बोलणार काय, शास्त्र माझंच. बसवला घट गाडीत. फॉइलच्या ट्रेमध्ये माती घालून गहू पेरले, गॅसच्या गाडीत ज्योत नको म्हणून बॅटरीचा दिवा. तरी बोटांवर मोजून बघितलं मी, दसरा झाला की कोजागरी काढतील, कोजागरीनंतर दिवाळी. या माणसाला पंचांगात बारा महिने जागा सापडली असती.

हसण्यावारी नेलं असतं हो. पण यांना खोकला लागला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी छातीत कफ धरून आठ दिवस हॉस्पिटलात काढले होते, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा थंडीत आणि दमटपणात राहू नका. ऑक्टोबरचा वारा सुटला होता, गाडीच्या काचांवर आतून पाणी धरायचं. मी घरात ऊबदार गादीवर पडून राहायचे आणि बाहेरचा खोकला ऐकू येतो का बघायचे. नाही यायचा ऐकू. तेच जास्त वाईट.

मुलगी नातीला घेऊन आली. बापावर रागावली, समजावलं, डोळे पुसले. नात पायरीशी उभी राहून सगळं बघत होती. मराठी सगळं कळतं तिला, बोलते मात्र तिच्या लिक्सलिपच्या इंग्रजीत. हळूच माझा पदर ओढून म्हणाली, "आजी, इज आजोबा इन ट्रबल?"

"हो बाई," मी म्हटलं, "पण मी नाही पाठवलं त्यांना बाहेर."

सहाव्या माळेची सकाळ. पाऊस तिरका, वारा असा की कचऱ्याचे डबे रस्त्याने फिरायला निघालेले. मी चहा घेऊन गाडीत गेले, पूजा केली, माळ बांधली. हे शाल गुंडाळून टेबलाशी बसले होते.

"अहो, चला ना आत. हीटिंग लावलंय."

"मी ग्रँड आहे गं." ठीक आहे म्हणायचा इकडचा शब्द.

"ग्रँड काय ग्रँड! छाती वाजतेय तुमची, इथवर ऐकू येतंय."

"मी डॉक्टर आहे."

"भूल देणारे. आता स्वतःलाच देताय."

यावर एरवी हसले असते. हसले नाहीत. चहाच्या कपाभोवती हात धरून म्हणाले, "आत येऊन मी काय करू? इथे उठलो की पाणी भरायचं असतं, गॅस बघायचा असतो, टाकी रिकामी करायची असते. तिकडे नळ सोडला की पाणी. त्या घराचं माझ्यावाचून काही अडत नाही."

मी उठले, कमरेला पदर खोचला, टाक आणि बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा ताम्हणात घेतले, घटाचा ट्रे दुसऱ्या हातावर घेतला आणि पायरी उतरले. चप्पलसुद्धा न घालता.

"अगं! अगं काय करतेस? घट बसलेत! चालतं का हे?"

"नाही चालत," मी मागे न बघता म्हटलं. खरंच नाही चालत. माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने तोंडावर हात ठेवला असता. गव्हाची बोटभर वाढलेली पिवळी रोपं वाऱ्याने आडवी झाली होती आणि बाळकृष्णावर आयर्लंडचा पाऊस पडत होता.

मागे दार आपटलं. हे शालीतच छत्री घेऊन धावत आले आणि छत्री धरली ती माझ्यावर नाही, स्वतःवर नाही, ताम्हणावर. ती लगेच उलटी झाली. मग शालच काढून देवांवर धरली. दारापर्यंत बारा-पंधरा पावलं असतील, ती आम्ही दोघांनी लग्नातल्यासारखी एकेक करून टाकली, कारण ट्रे कलायला लागला होता.

आत आलो. मी ताम्हण ओट्यावर ठेवलं, केटलच्या शेजारी. हे निथळत उभे.

"इथे? केटलपाशी? वाफ लागेल की!"

"मग सांगा कुठे ते."

ओल्या मोज्यांनी निघाले. पुढची खोली बघितली, आमची खोली बघितली, पाहुण्यांची बघितली, न्हाणीघराचं दारसुद्धा उघडलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या माणसाने हे घर बघितलं. दारं उघडल्याचा आवाज येत होता, मधून खोकल्याचा. परत आले आणि म्हणाले, "मोठं आहे गं घर." मग म्हणाले, "पाहुण्यांच्या खोलीचं दार घासतंय खाली. आणि पुढच्या खोलीतली फळी तिरकी ठोकलीय कुणी गाढवाने."

"मग?"

"मग काय, काढून देवांसाठी सरळ ठोकावी लागेल."

मी त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि तोंड वळवून आलं किसायला घेतलं.

ज्या देवांना नवरात्रात हलवलं, त्यांची मी रोज माफी मागते. गहू निम्मे मेले, निम्मे वाढले. गाडी अजून दारात आहे. एखाद्या दुपारी मी एकटीच तिच्यात जाऊन बसते, प्रेसच्या कड्या लावते, काढते. तिच्या पत्र्यावर पाऊस कसा वाजायचा! या घराच्या छपरावर तो पडतो की नाही ते खिडकीतून बघावं लागतं. आठवण येते, खूप येते. उगीच नाही म्हणत नाही.

यांचा खोकला पुरता गेलेला नाही. पण आता ते घरात खोकतात, आणि मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.