मागच्या सीटखालची तुळई

गाड्यांच्या आणि बोटींच्या सीटा शिवणारी ती बाई अख्ख्या गल्लीची अक्का होती. टायरवाल्याशेजारचं तिचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारात जाड सुईचं मशीन, भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे आणि जिकडेतिकडे फोमचा भुगा. गिऱ्हाइकाच्या पँटला भुगा चिकटला की ती म्हणायची, "राहू द्या, तेवढाच माझा कचरा कमी."

आई गेली तेव्हा अक्का अठरा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ सात. ती कॉलेज सोडून मशीनवर बसली ती कायमचीच. धाकटा शिकला, दातांचा डॉक्टर झाला. त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. अक्काचं लग्न राहूनच गेलं. त्याबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सवड नाही मिळाली."

पाच वर्षांपूर्वी धाकट्यानं विमान घेतलं. दोन इंजिनांचं, सहा जणांचं, आणि वयानं त्याच्याहून दोन वर्षांनी मोठं.

"अगं, दोन इंजिनं आहेत. एक बंद पडलं तरी दुसरं असतंच," त्यानं अक्काला समजावलं.

"जुनं आहे पण."

"जुनं म्हणजे मजबूत."

मग दरवर्षी काही ना काही नवीन आलं. आधी रंग, मग तीन पात्यांचे प्रोपेलर, मग पुढच्या फळीवरची गोल घड्याळं काढून दोन चकचकीत स्क्रीन. इंजिनांचं सगळं म्हातारा मेकॅनिक बघायचा. त्याला विमानतळावर सगळे काका म्हणत. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून काका सांगत, कुठल्या सिलेंडरचं पोट बिघडलंय. दर वर्षी तपासणी करून वहीवर त्यांची सही व्हायची, आणि त्या सहीवर धाकट्याचा आंधळा विश्वास होता.

शेवटी राहिल्या सीटा. त्या अक्काशिवाय कोण शिवणार? पुढच्या रविवारी बायको-मुलींना घेऊन समुद्रापर्यंत जायचं, त्याआधी सीटा तयार हव्यात, असं ठरलं.

सीटा काढायला अक्का सोमवारी हँगरमध्ये गेली तेव्हा धाकटी भाचीही सोबत होती. "आत्या, मागे बसलं ना, की मोजे ओले होतात," ती सहज बोलून गेली.

मागची सीट निघाली आणि अक्काला कुबट वास आला. गालिचा पिळला असता तर पाणी निघालं असतं. त्याखाली जमिनीत एक चौकोनी झाकण होतं. त्याचे दोन स्क्रू केव्हाच पडून गेले होते, आणि उरलेल्या स्क्रूंच्या खाचांत रंग घट्ट बसलेला होता. अक्का आयुष्यभर शिवणी उसवत आली होती. कुठली वस्तू अलीकडे उघडली आहे आणि कुठली नाही, हे तिला बघताक्षणी कळायचं. हे झाकण कुणीही कित्येक वर्षांत उघडलेलं नव्हतं.

तिनं ते उघडलं आणि टॉर्च मारला. आत दोन्ही पंखांना जोडणारी जाड तुळई आडवी गेली होती. तिच्यावर पांढरट भुकटी होती, आणि कड भिजलेल्या पुस्तकाच्या पानांसारखी फुगली होती. अक्कानं खाऱ्या पाण्यातल्या बोटी पाहिल्या होत्या. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, ते पांढरं पडतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. तिनं पिशवीतली कातडं टोचायची आरी काढली, टोक टेकवलं आणि जरा दाबलं.

टोक आत गेलं.

तिनं भाचीला आधी विमानातून खाली उतरवलं, मग काकांना हाक मारली.

काकांनी दारातूनच वाकून पाहिलं. आत रांगत जायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. "जुन्या विमानांत असते थोडी पावडर," ते म्हणाले. "तुम्ही सीटांचं बघा, अक्का." पण हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, हातातला पाना पुसत होते. पाना स्वच्छच होता.

संध्याकाळी तिनं धाकट्याला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि तो हसला. "अक्का, मी कधी तुला टाका कसा घालायचा ते शिकवतो का? काकांची सही आहे."

चार दिवस तिनं सीटा शिवल्या. करड्या रंगाचं कातडं, दुहेरी शिलाई. हात चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. शुक्रवारी दुपारी धाकटा गाडी घेऊन आला. सहाही सीटा चादरीखाली तयार होत्या.

"काकांना माझ्यासमोर ते झाकण उघडू दे," ती म्हणाली. "आत हात घालून ते ठीक आहे म्हणाले, तर मी स्वतः सीटा बसवून देते."

"तुला माझं विमान पहिल्यापासून डोळ्यांत खुपतंय."

"विमान नाही रे. त्यात तू मुलींना बसवणार आहेस."

"बास झालं, अक्का. तू काय इंजिनिअर आहेस?"

तो वैमानिकाची सीट उचलायला वाकला. अक्कानं टेबलावरची कात्री घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्या सीटची शिवण वरपासून खालपर्यंत फाडली. धाकटा बघतच राहिला. मग त्यानं तीच उसवलेली सीट गाडीत टाकली आणि निघून गेला.

शनिवारी सकाळी अक्का दुकान उघडत होती तेव्हा काका पायरीवर बसलेले होते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"सात वर्षं," ते म्हणाले. "आधीच्या मालकापासून मीच बघतो ते विमान, आणि सात वर्षं मी ते झाकण उघडलेलं नाही. गुडघे गेले, आणि सांगायची लाज वाटली. सही करत राहिलो."

दोघं रिक्षानं विमानतळावर पोचले. हँगरचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. जमिनीवर तेलाचे दोन डाग, आणि बाकावर धाकट्याच्या गाडीची किल्ली. रविवारच्या आधी एक फेरी मारून बघू, म्हणून धाकटा एकटाच उघड्या फोमवर बसून वर गेला होता.

आवाज ऐकू येत होता. दोन्ही इंजिनं एका सुरात, कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. काकांच्या हातची ती कामगिरी होती. अक्कानं मान वर केली. टेकडीच्या बाजूला विमान एका पंखावर कलून वळत होतं.

काकांनी कपाटातला छोटा रेडिओ काढला. बटण अक्कानं दाबून धरलं.

"डॉक्टर, मी बोलतोय. वळणं घेऊ नका. वेग कमी करा. सरळ परत या, आणि अगदी हळू टेकवा."

"का? काय झालं?"

"अक्का खरं सांगत होत्या."

खरखरीतून बारीक आवाज आला, "बरं."

त्यानंतरची अकरा मिनिटं दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. विमान लांबून, रुंद फेरा घेत आलं आणि टेकलं. धाकटा उतरला तेव्हा रागानं लाल झालेला होता. काका पोटावर आडवे होऊन, कण्हत, केबिनमध्ये सरपटत गेले आणि आरसा आत धरून म्हणाले, "या, बघा."

तुळईच्या खालच्या कडेला चीर होती. नख आत जाईल एवढी रुंद, आणि तिच्या टोकाचा धातू ताजा, चकाकणारा. म्हणजे ती आत्ताच, आजच पुढे सरकली होती.

धाकटा बाहेर आला आणि तिथेच जमिनीवर बसला. अक्का त्याच्या शेजारी बसली. तो नुसता तिच्या ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत आणि सोडत राहिला.

ते विमान पुन्हा उडालं नाही. तपासनीस आले, त्यांनी लाल चिठ्ठी चिकटवली, आणि काकांनी आपलं लायसन्स स्वतःहून त्यांच्या हातात दिलं. धाकट्यानं दोन महिने दुकानाची पायरी चढली नाही. मग एक दिवस आला आणि थेट फोमचा भुगा झाडायला लागला. अक्कानं सुपली पुढे केली.

पण काका एका दुपारी पुन्हा आले. हातात जुनी वही होती. त्या सात वर्षांत त्यांनी अशाच चार विमानांवर न बघता सह्या केल्या होत्या, आणि ती चारही आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या मालकांकडे होती. ते लिहायला त्यांचा हात धजेना, म्हणून मालकांना पत्रं अक्कानं लिहिली. झाकण कुठे आहे, आत काय बघायचं, सगळं सविस्तर. तिघांची उत्तरं आली. त्यातल्या एकाच्या तुळईत पांढरी भुकटी सापडली होती.

चौथं पत्र तिनं तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा ते परत आलं, पत्त्यावर कुणी राहत नाही असा शेरा घेऊन. तपासनिसांकडेही नवीन मालकाची नोंद नव्हती.

"ते मालक त्या विमानाचं काय करायचे हो?" अक्कानं विचारलं.

"शाळेच्या मुलांना फिरवायचे," काका म्हणाले. "सहा-सहा जणांना, सुट्टीच्या दिवशी."

अक्कानं नवीन पाकीट घेतलं आणि जुनाच पत्ता पुन्हा लिहायला सुरुवात केली.