जहाज, हॉटेल आणि पोचूचा अंगठा

"अगं, जहाजावर जायचं तर जहाजावर जा. हाटेलात ऱ्हायचं तर हाटेलात ऱ्हा. ही दोनी थेरं एकदम कशापायी?"

पोचूनं पातेल्यातला मासळीचा गोळा झाऱ्यानं असा दाबला की तो बुडून टुणकन वर आला आणि रस्सा तिच्याच अंगावर उडाला.

"एकाच तिकिटात हाय म्हणून," समोरच्या स्टुलावर बसून लेहुन आरामात सूप फुंकत होती. "आधी जहाजानं जपानातलं ओकिनावा. परत आलं की घरला न येता गाडीत बसायचं, ते थेट च्याओशीच्या गरम झऱ्यात. हाटेलच्या खोलीतच कुंड हाय म्हनं आक्का. खिडकी उघडी टाकायची आन गळ्यापातूर पाण्यात बसायचं."

"गळ्यापातूर कशाला, डोक्यापातूर बस की."

लेहुन हसली. ती पोचूची धाकटी जाऊ, केस कुरळे करून देण्याचं तिचं दुकान दोन गल्ल्या पलीकडं. पोचूचा गाडा कीलुंगच्या बंदराजवळच्या बाजारात, अशा जागी की गल्लीच्या तोंडाशी जहाज लागलं की समोर आभाळच उरत नसे. पांढरीशुभ्र दहा-बारा मजली भिंत उभी राहायची आणि तिच्या खाली पोचू मुठीतून मासळीचा लगदा पिळत बसायची. जहाजावर चढणारे आणि उतरणारे, सगळे तिचं सूप पिऊन गेले होते. जहाज आतून कसं असतं ते तिनं त्यांच्या तोंडूनच ऐकलेलं.

"भुतांचा महिना चालू हाय," पोचूनं ठेवणीतलं काढलं. "सातव्या महिन्यात शाणं माणूस गुडघाभर पाण्यात बी जात न्हाई. पाण्यातलं भूत पाय वडतंय."

"म्हणून तर तिकिटं सस्ती हायती. भुतानं वडला पाय तर जहाजाच्या माणसाला सांगीन, त्येंचं त्ये बघून घेत्याल."

"आन पितरांचं जेवण? औंदा तुमची पाळी हाय."

"भायेरनं मागवलंय. कोंबडी, डुक्कर, मासा, समदं डब्यात येतंय."

पितरांना डबा! पोचूला ते झोंबलं, पण धर्माच्या काळजीनं नव्हे. खरं सांगायचं तर जहाज एकटं असतं तर तिनं गिळलं असतं. हॉटेल एकटं असतं तरी चालवून घेतलं असतं. पण एकाच पानात पुरणपोळीही वाढायची आणि वर बासुंदीही, आणि ते पान नेमकं जावेच्या पुढ्यात, हे तिच्यानं बघवेना.

बाई तशी वाईट नव्हती. कष्टाला वाघीण. पण मत्सर तिच्या अंगात असा मुरलेला, जसा लोणच्यात खार. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं कोंबडीची तंगडी कुणाच्या वाटीत घातली हे तिला आजही पाठ होतं. शेजारणीच्या दोरीवर नवी चादर दिसली की हिचा दिवस नासायचा. लेहुनच्या पोरीला सरकारी नोकरी लागली तेव्हा हिनं पेढ्यासारखं गोड तोंड केलं आणि घरी येऊन दार इतक्या जोरात आपटलं की बिजागरी निखळली. फार कशाला, सासू मागं देवळातल्या बायकांबरोबर जपान फिरून आली, तर ही सुनबाई महिनाभर म्हातारीच्या चहात साखर कमी घालत होती. तिचा स्वतःचाही पासपोर्ट होता. बाजारातल्या बायकांनी एकदा जायचं ठरवलं, मग फाटलं. तो तिनं तसाच कोरा पेटीच्या तळाशी टाकून दिला होता.

त्या संध्याकाळी तिनं सासूचे कान भरले. भुतांचा महिना, पाणी, पितरांना डबा, सगळं वाढवून सांगितलं. म्हातारी वेताच्या खुर्चीत पंख्यानं वारा घेत होती. डोळ्यांत पडदा आलेला, पण घरात अजून शब्द तिचाच चाले.

"मला काय इचारतीस? पितरं बसल्यात न्हवं हितं? त्येंचाच महिना हाय, त्येंनाच इचार. लाव कौल."

देव्हारा थोरलीच्या घरात, म्हणून कौल लावायचा मानही थोरलीचा. पोचूनं उदबत्ती पेटवली, चंद्रकोरीच्या आकाराचे कौलाचे दोन लाल लाकडी ठोकळे ओंजळीत धरले आणि पितरांची नावं कोरलेल्या घराण्याच्या पाटीपुढं उभं राहून रीतीप्रमाणं सगळं सांगितलं. कोण, कुणाची सून, कुठं निघालीय. मग ठोकळे फरशीवर टाकले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार.

एक पालथा पडला. दुसरा टणटण करत टेबलाच्या पायाशी गेला आणि उताणा झाला.

होकार. अगदी धडधडीत.

पोचूनं सासूकडं पाहिलं. म्हातारीचं तोंड खिडकीकडं. पोचूनं अनवाणी उजवा पाय हळूच पुढं सरकवला, अंगठा त्या उताण्या ठोकळ्याखाली घातला आणि तो उलथवला. टुक.

"दोनी पालथं, आत्याबाई. न्हाई म्हंत्यात."

"न्हाई म्हंत्यात?" म्हातारीचा पंखा थांबला, मग परत हलू लागला. "मंग न्हाई तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोचूनं गाडा नवऱ्यावर टाकला आणि गोळ्यांचा डबा भरून लेहुनच्या दुकानात गेली. वाईट बातमी रिकाम्या हातानं सांगू नये एवढी रीत तिला होती. लेहुन एका बाईच्या केसांत गुंडाळ्या बांधत होती. पोचूनं चेहरा लांब करून कौल सांगितला आणि जावेचं तोंड कधी पडतं ते चवीनं बघत उभी राहिली.

लेहुननं गुंडाळीला चाप लावला. "पितरंच न्हाई म्हणली तर काय करायचं? पर दोन बायांची खोली धरली व्हती गं."

"दोन? दुसरी कोन?"

"तू की. दुसरी कोन आणू? ह्यो माझा नवरा तर डबक्यात बसीवला तरी वकतोय. आन खोलीचं भाडं एकटीला बी तेवढंच पडतंय. म्हटलं आक्का चलंल. भाऊजींकडनं तुझा पासपोर्ट बी घेतला व्हता. म्हणलं शेवटल्या दिवशी सांगावं, न्हाईतर तू सतरा इघ्नं काडशील."

गुंडाळ्यांतली बाई आरशातून पोचूकडं बघत होती. पोचूला डबा कुठं ठेवावा ते कळेना. पांढरी भिंत, तिच्यातली एक खिडकी, खिडकीत आपण, आणि परत आल्यावर गळ्यापर्यंत गरम पाणी. सगळं पुढ्यात आलेलं आणि तिनं ते स्वतःच्या अंगठ्यानं उलथवलेलं.

ती धावतच घरी गेली.

"आत्याबाई, म्या म्हंते परत एकदा कौल लावू. काल माझं इचारताना जरा चुकलं."

"पितरं काय भाजीवाली हायती व्हय, घासाघीस कराया?"

"तसं न्हवं, पर लेहुनचा जीव लई..."

"लेहुनचा?" म्हातारीनं मान तिच्याकडं वळवली. "पोचू, पायाच्या अंगठ्याचं नख काप. लाकडावर लई वाजतंय."

पोचूनं उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायाखाली लपवला.

"डोळं गेल्यात माझं, कान न्हाई गेलं. ठोकळा पडल्यावर गप पडून ऱ्हातोय, मागनं टुक करत न्हाई. काल बोलले न्हाई, म्हणलं बघू तरी ही कुठवर जातीया." म्हातारी खुर्चीचा हात धरून उठली. "आण ते ठोकळं. आता मी इचारते."

"माझं बी इचारा आत्याबाई," पोचू हळूच पुटपुटली.

म्हातारीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पाटीपुढं उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "धाकली सून आन मी, दोघी जहाजावर जाताव. मंग हाटेलात. थोरली घरी ऱ्हाऊन तुमचं जेवण करंल, डबा-बिबा काय न्हाई. चालतंय का?"

ठोकळे पडले. एक उताणा, एक पालथा. पोचू गुडघे टेकून बघत होती. यावेळी ते तिच्या पायापासून लांब पडले होते.

"काय पडलं?" म्हातारीनं विचारलं. "खरं सांग."

"व्हय म्हंत्यात," पोचू म्हणाली.

तिकिटावरचं नाव बदलून मिळालं. पोचूनं कोंबडी उकडली, डुकराचं मांस शिजवलं, अख्खा मासा तळला, सगळं पाटीपुढं मांडलं आणि उदबत्ती जळेपर्यंत हात जोडून उभी राहिली. मनात काय बोलली ते पितरांनाच ठाऊक. पण लेहुनच्या पाळीची भांडी तिनं एकटीनं घासली आणि प्रत्येक भांडं आपटून ठेवलं.

त्याआधी जहाज सुटलं तेव्हा ती गाड्यावरच होती. भोंगा वाजला, पांढरी भिंत हळूहळू सरकली आणि गल्लीच्या तोंडाशी पुन्हा आभाळ आलं. कठड्याशी हात हलवणाऱ्यांत म्हातारी होती की काय, एवढ्या लांबून दिसलं नाही. पोचूनं हात हलवला नाही. हात लगद्यात होते.

मग एका सकाळी फोन वाजला. लेहुननं च्याओशीहून फोटो पाठवला होता. हॉटेलचा निळा झगा घालून म्हातारी कुंडाच्या काठावर बसलेली, डोळ्यांवर लेहुनचा काळा चष्मा, पाय वाफाळत्या पाण्यात. पोचूनं चिकट बोटानं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. म्हातारीच्या पायांच्या दाही नखांना लालभडक रंग होता.

"थेरडी," ती म्हणाली. "हिच्या चहात आता..."

"बाई, सूप मिळंल का? जहाज गाठायचंय," समोर पोरगी उभी. गळ्यात जहाजाच्या ओळखपत्राचा पट्टा, हातात चाकाची बॅग. गल्लीच्या तोंडाशी नवी भिंत येऊन उभी राहिली होती.

"परतल्यावर हाटेलात बी ऱ्हाणार का?" पोचूनं विचारलं.

"व्हय, दोन रात्री. तुमाला कसं कळलं?"

 पोचूनं फोन पालथा घालून ठेवला, वाटीत गोळे घातले, पोरीच्या वाटीतला एक परत पातेल्यात टाकला, वर मिरपूड भुरभुरली आणि वाटी पुढं सरकवली. मग लगद्यात हात घातला. मूठ आवळली, अंगठ्याजवळून गोळा वर आला, चमच्यानं तो पाण्यात सोडला आणि पुढचा पिळायला घेतला.