सहाच्या आत दिलेला बैल

संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण तनूला ताप होता आणि औषध किती वाजता दिलं ते मी मोबाईलवर बघून ठेवत होते. तेवढ्यात आमच्या ह्यांनी मोबाईल हातातून ओढला. "दे इकडं, बैलाचा व्हिडिओ आलाय."

बैलगाडा असलेल्या घरात किस्से शेणासारखे साठतात. आज काढलं तरी सकाळी परत आहेच. कांदा निवडायला बसलो की आम्ही बायका हेच सांगतो आणि हसतो. ह्या वर्षीचे किस्से सांगताना मला हसू जरा कमीच येतं. तरी सांगते, कारण शेवटी तुमच्याकडं माझं एक काम आहे.

ज्यांच्या घरी गाडा नाही त्यांना आधी एवढं सांगते. यात्रेत शर्यत असते, गाडा पळतो त्या चढाला घाट म्हणतात, आणि एका गाड्याला चार बैल लागतात. दोन पुढं, दोन मागं. प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली. डाव्या बाजूला पळणारा बैल उजवीकडं जुंपला तर तो पळत नाही, भांडतो. आणि आमच्याकडच्या यात्रांचा नियम असा, की आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत चार बैलांची नावं यादीत द्यायची. सहानंतर बैल बदलता येत नाही. त्यामुळं पाच ते सहा ह्या तासात अख्ख्या तालुक्यात बैलांची अदलाबदल चालते. तुझा मला, माझा तुला, सीझनपुरता. सगळं तोंडी.

आमच्या गाड्याचे दोन बैल आमचे आणि दोन शेजारच्या भागूबाईंचे. आमच्यातला उजवा बैल म्हणजे बारक्या.

*

बारक्या नावालाच बारक्या. अंगानं डोंगर. तनू दोन महिन्यांची असताना हा वासरू होता आणि पाणी प्यायला गेला तो सिमेंटच्या हौदात पडला. मी तनूला पोत्यावर ठेवून धावले. त्याला बाहेर काढला, तर वासरू आणि पोरगी दोघं एका सुरात रडत होती. आधी कुणाला घ्यावं ते मला कळेना.

तेव्हापासून बारक्या हौदाजवळ जात नाही. हौद दिसला की मागं सरतो. मी त्याला तनूच्या आंघोळीच्या निळ्या बादलीत पाणी द्यायला लागले. बादली असली की एका दमात पितो.

आमचे सासरे, नाना, बघायचे आणि म्हणायचे, "बैल हाय का जावई? उद्या कपबशीत दे."

*

बारक्याला अदलाबदलीत द्यायचं का ठरलं, तर तो घाटात शेवटी शेवटी हळू व्हायचा. आम्ही बायका जिथं उभ्या असतो, बरोबर तिथं. एकदा झालं, दोनदा झालं. दुसऱ्या वेळी तर मान वळवून त्यानं मला आणि तनूला बघितलं आणि मग राहिलेला घाट चढला.

नाना घरी येऊन म्हणाले, "ह्यो पळायला येत न्हाई. माहेराला आल्यागत येतो."

हे माझ्याकडं बघून बोलले. हातानं चारते कोण, लाडावते कोण, ते सगळ्यांना माहीत होतं. मी भाकरी थापत राहिले.

म्हणून त्या पाच पन्नासला डिंगोऱ्याकडच्या एका गाडामालकाचा व्हिडिओ आला. बैलाचं नाव तुफान. पांढराशुभ्र, शिंगं तासलेली, गाड्याला उजव्या बाजूला जुंपलेला. बाजूला मालक स्वतः हसत उभा, एका हातात कासरा, दुसऱ्या हातानं मोबाईल धरलेला.

नाना म्हणाले, "उजवाच पायजे व्हता. घेऊन टाक."

पाच छप्पनला यादीत नाव गेलं. चार मिनिटं राखून. आमचे हे एवढे खूश झाले, की त्यांनी तनूला तापातच उचलून घेतलं.

*

सकाळी शकीलभाई पिकअप घेऊन आले. जुन्नरचे शकीलभाई आमच्या भागातले निम्मे बैल वाहतात. तुफानला उतरवला, बारक्याला चढवला. मी गोठ्यातून ओरडून सांगितलं, "भाऊ, त्याला पाणी बादलीत द्यायचं हां, बादलीत."

शकीलभाईंनी गाडी सुरू करता करता हात वर केला. दुपारी त्यांचा फोन आला. "वहिनी, काळजी करू नका. वाटंत थांबून पाणी दिलं. दोन बादल्या प्याला गडी."

मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी पोटभर जेवले. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. फक्त माझा निरोप नव्या मालकापर्यंत पोचवायचा होता, ते त्यांना कसं कळणार? आणि मीही विचारलं नाही.

*

त्याच दिवशी घाटात तुफानला उजवीकडं जुंपला. तो फिरून डावीकडं आला. परत उजवीकडं नेला. परत डावीकडं. नानांनी शिव्या दिल्या, आमच्या ह्यांनी पाया पडून बघितलं. तुफान डाव्या बाजूचाच बैल होता. आमच्याकडं डावा आधीच होता. आता गाड्यापुढं दोन डावे उभे आणि यादी बंद झालेली. माझ्या एका चपलेचा अंगठा तुटला होता तेव्हा मी जत्रेतून घाईत जोड आणला, घरी येऊन बघते तर दोन्ही डाव्या पायाच्या. तसंच झालं हे.

तरी सोडला गाडा. दोघं एकमेकांना ढकलत तिरके गेले ते घाटाच्या कडेला, उसाच्या रसाच्या दुकानापाशी थांबले. कुणाला लागलं नाही, एवढं देवानं बघितलं.

लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "पावणं, गाडा घाटात पळवत्यात. रस प्यायला नंतर जावा."

*

घरी आल्यावर सगळे तुफानचा तो व्हिडिओ परत बघायला बसले. दहा वेळा बघितला. बैल उजवीकडंच दिसत होता.

मग मी हळूच म्हटलं, "त्याच्या मागं पेंडीचं पोतं आहे. त्याच्यावरची अक्षरं उलटी आहेत."

आमच्या ह्यांनी डोळ्याला लावून बघितलं. मालकानं स्वतःचं तोंड दिसावं म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढला होता. आरशात दिसतं तसं सगळं उलटं. डावं उजवं, उजवं डावं. त्यानं मुद्दाम केलं असं मला अजून वाटत नाही. त्याला व्हिडिओत यायचं होतं इतकंच.

हे म्हणाले, "तुला हे आत्ता दिसलं?"

"न्हाई. व्हिडिओ आला तवाच, तुमच्या मागून बघताना दिसलं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं माझंच वाचन कच्चं."

ह्यांची बारावी झाली आहे. बारावीवाला व्हिडिओ बघून मान डोलावतो आहे, तिथं सातवीवालीनं अक्षरं उलटी आहेत असं कोणत्या तोंडानं सांगायचं? पण ते पोतं अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

*

अदलाबदल बरोबर झाली का चुकली, ह्यावर आमच्या ओट्यावर पंधरा दिवस चर्चा झाली. आमदार निवडताना एवढी झाली नव्हती.

आमचे हे म्हणायचे, "बैल फास्ट हाय. पुढच्या यात्रंला फायदा दिसंल."

शकीलभाई चहाला थांबायचे. त्यांचं म्हणणं असं, "माझ्या मतानं अदलाबदल एकदम करेक्ट झाली. फक्त बैल चुकला."

भागूबाई म्हणाल्या, "घरातल्या बायांना एकदा इचारायचं तरी."

नाना तडकले. "बायांना इचारत बसलो असतो तर सहा वाजले असते."

"मी तरी काय म्हणतेय, नाना? सहा वाजू द्यायचे व्हते."

नानांनी त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला. पण चुकलं असं म्हणाले नाहीत. तुफान हौदावर भराभरा पाणी प्यायला, की मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "बगा, याला म्हणत्यात बैल."

*

अदलाबदलीनंतर आठवड्यानंच नव्या मालकाचा फोन ह्यांना शेतात आला होता. "तुमचा बैल पाणी पीत न्हाई. आजारी जनावर गळ्यात घातलं तुमी." हे म्हणाले, "आणि तुमी डावा दिला त्याचं काय?" झालं. दोघांनी एकमेकांचे नंबर ब्लॉक केले.

संध्याकाळी जेवताना ह्यांनी मला हे गंमत म्हणून सांगितलं. माझा घास तिथंच राहिला. "अहो, त्याला हौदावर नेत असतील ते. बादली लागते त्याला."

हे ताटावरून उठले. भागूबाईंच्या फोनवरून लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शकीलभाईंना पाठवलं. शकीलभाई परत आले ते गाडीतून खालीच उतरेनात.

"वहिनी, बैल तिथं न्हाई. कालच कळंबकडं दिला त्यांनी. सहाच्या आत."

कळंब माझं माहेर. लगेच भावाला फोन केला. दोन दिवस तो गोठे फिरला, मग म्हणाला, "ताई, आला व्हता इथं. हिरव्या चाऱ्यावर व्हता कसाबसा. टाकीपासून मागंच सरायचा, घाटातबी दम न्हाई राहिला, म्हणून त्यांनी फुडं दिला."

"कुणाला?"

"यादीच्या घाईत दिलाय, ताई. घोडेगावकडचा कुणीतरी म्हणत्यात. नाव कुणाला धड सांगता येईना."

बघा म्हणजे. जो तो पाच पन्नासला बघतो, बैल खंगलेला दिसतो, सहाच्या आत दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. आणि एक बादली कुणी पुढं ठेवत नाही. ठेवतील कशी, सांगितलंच नाही कुणी.

*

तनूला ह्यांनी सांगून ठेवलं होतं, यात्रा संपल्या की बारक्या येणार. ती रोज सकाळी उठून विचारते, "यात्रा संपली?"

परवा लांबच्या गावात लाऊडस्पीकर वाजला तर ती दारात गेली आणि म्हणाली, "अजून चालूच आहे."

मीही हो म्हणाले. तिला ताप येऊन गेल्यापासून ती कमी जेवते. डॉक्टर म्हणतात काही नाही, वयाचं आहे. मी रात्रंदिवस तिला पाणी पी, पाणी पी म्हणत असते. ती वैतागते.

*

आता शेवटचा. हा शकीलभाईंनी सांगितलेला आहे.

आमच्या नानांचे गुडघे गेले आहेत. गच्चीवर वाळवण घालायचं असेल तर ते चार पायऱ्या चढत नाहीत, खालून हुकूम सोडतात. हे नाना महिनाभरापासून एक दिवसाआड सकाळी डबा घेतात, मोटरसायकल काढतात आणि म्हणतात, "लेण्याद्रीला जाऊन येतो."

मी एकदा म्हटलं, "मामा, तिथं तीनशेच्या वर पायऱ्या आहेत."

"मग काय झालं? देव चढवतो."

परत येतात ते दिवे लागायच्या वेळेला. पायात धूळ, शर्टाला शेण. प्रसाद आणत नाहीत. आम्हाला वाटलं म्हातारपणी माणूस बिघडलं.

मागच्या मंगळवारी शकीलभाई घोडेगावच्या पुढं एका वस्तीवर बैल सोडायला गेले होते. रस्त्याच्या कडेला ओळखीची मोटरसायकल दिसली म्हणून थांबले. नाना एका गोठ्याच्या दारात उभे राहून आत डोकावत होते. मोटरसायकलच्या मागच्या सीटला सुतळीनं निळी बादली बांधलेली.

शकीलभाई म्हणाले, "नाना, तुमी हितं? लेण्याद्री तर पार तिकडं राहिली."

"चुकलो वाट."

"आणि ही बादली कशाला?"

नानांनी सुतळीची गाठ घट्ट केली आणि गाडीला किक मारली.

"देवाला पाणी घालायला."

*

तर माझं काम एवढंच आहे. ज्यांच्या गावात यात्रा आहे, ज्यांच्या पाहुण्यांकडं गाडा आहे, त्यांच्या कानावर घाला. तांबूस रंगाचा बैल आहे, उजव्या कानाला चीर गेलेली, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. नाव आता काहीही ठेवलेलं असेल, बारक्या म्हटलं की कान हलवतो.

परत द्या असं आम्ही म्हणत नाही. ते ज्याचं त्यानं बघावं. फक्त त्याला हौदावर नेऊ नका. पाणी बादलीत द्या. निळी नसली तरी चालेल.