कुंदाचं पुस्तक, माझी मुलगी

रविवारची दुपार. जेवण अंमळ जास्तच झालंय. शेजारच्या घरात मिक्सर चालू आहे आणि त्याचा आवाज हळूहळू लांब जातोय. डोळे मिटताहेत, एवढ्यात पायांशी गादी दबते. कुंदा बसलीय.

कुंदा सबनीस, माझी मैत्रीण. आम्ही दोघी मुलांसाठी लिहायचो. गेल्या वर्षी ती आजारात गेली. औषधांनी गेलेले केस आता परत आलेत, दाट, आणि ती ते विंचरतेय.

"झोपलीस, वसू?"

"तू गेलीस ना गं?"

"गेले की. उद्या काय सांगणार आहेस?"

उद्या मृण्मयीच्या, माझ्या मुलीच्या, शाळेत पालकांची बैठक आहे. कुंदाची शेवटची कादंबरी शाळेच्या लायब्ररीत ठेवावी का, यावर माझं मत मागितलंय. त्या कादंबरीत एका मुलीचा मोठा भाऊ जीव देतो.

"या वयात मुलांच्या हातात असलं काही देऊ नये, असं सांगणार."

बोलता बोलता आम्ही शाळेच्या हॉलमध्ये आहोत, लहान बाकांत गुडघे अडकवून. समोर टेबलावर माझी सगळी पुस्तकं मांडलीत, कोरी करकरीत. शेजारी कुंदाचं एकच. हाताळून हाताळून त्याची पानं फुगलीत.

"श्रावणीच्या घरी ते आधी झालं," कुंदा म्हणते. "माझं पुस्तक नंतर पोचलं."

श्रावणी मृण्मयीच्या वर्गातली. तिचा भाऊ तसाच गेला, आणि तिने शाळेत येणं सोडलं. तिच्याकडे जाऊन काय बोलायचं, असं मृण्मयीने मला विचारलं होतं. थोडे दिवस जाऊ देत, असं मी म्हटलं. मग तिने कुंदाची कादंबरी वाचली, सायकल काढली आणि श्रावणीजवळ नुसती बसून आली. आता रोज जाते.

"मुलगी माझी आहे," मी म्हणते. माझा आवाज चिरकतो. "माझं एक पुस्तक तिने शेवटपर्यंत वाचलं नाही. तुझं वाचून उशी भिजेपर्यंत रडली."

"श्रावणीसाठी रडली ती."

तेही मला सोसत नाही.

"सगळ्यांना झेपतं का गं ते?" मी मुद्दाम विचारते.

कुंदाचा केस विंचरणारा हात थांबतो. "नाही. एका मुलाची झोप उडाली होती. त्याची आई भांडायला आली होती माझ्याकडे."

"मग?"

"मी तिला चहा दिला. त्याच्याजवळ बसून वाचा, म्हटलं. बरोबर केलं की चूक, अजून कळलं नाही मला."

हॉलच्या भिंती हिरव्या झाल्यात. हा दवाखान्याचा पॅसेज आहे, पण बाक तेच आहेत आणि लांब कुठेतरी शाळेची प्रार्थना चालू आहे.

"मलाही तुझा हेवा वाटतो, वसू," ती म्हणते. "पुस्तक मिटल्यावर त्या पोरीला काय वाटलं, हे तू तिला विचारू शकतेस. मला आता कुणी सांगायला येत नाही."

"मी विचारलंच नाही तिला."

"अगं, मग विचार की."

ती पर्समधून आवळा काढते, मीठ लावलेला. अर्धा दातांनी तोडते, उरलेला माझ्या तोंडात घालते. आंबट, तुरट. माझे डोळे गच्च मिटतात.

उघडते तेव्हा मिक्सर थांबलाय. दारात मृण्मयी, बाहेर जायच्या कपड्यांत.

"आई, श्रावणीकडे जातेय."

"थांब जरा. कुंदाचं ते पुस्तक वाचताना भीती वाटली होती का तुला?"

"हो. खूप."

"मग रात्री मला का नाही उठवलंस?"

"तुला कुंदामावशीचं पुस्तक आवडत नाही ना."

अजूनही आवडत नाही. छातीत अजून जळतंय. "घेऊन ये," मी म्हणते, "कुठे भीती वाटली ते वाचून दाखव. मग जा."

ती पुस्तक आणायला वळते. घरात आवळा नाही, उन्हाळ्यात कुठून असणार. मी उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी पिते. ते गोड लागतं.