सांभरचा उस्ताद

२००६ साली यांची विमा कंपनीत जयपूरला बदली झाली आणि आम्ही शास्त्री नगरमध्ये एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. खालच्या मजल्यावर तायडे कुटुंब होतं. शामराव तायडे मालगाडीवर गार्ड, मूळचे अकोल्याकडचे. पंधरा वर्षं जयपुरात काढूनही त्यांच्या पत्नीची, सुलोचनाताईंची, वऱ्हाडी बोली जशीच्या तशी होती. मुलगा स्वप्नील पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. मुलगी स्वप्ना वीस वर्षांची, आणि ती अंथरुणावर होती.

तिला मणक्याचा क्षयरोग झाला होता. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर सुटलं होतं. छातीपासून कंबरेपर्यंत प्लास्टर, रोज मूठभर गोळ्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं एकच काम: पडून राहायचं. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, "काकू, या पंख्याला तीन पाती आहेत आणि मधल्या पातीवर सात डाग आहेत. मतलब, बाकी काही विचारू नका."

दिवाळीत स्वप्नील आला तो जुना कॉम्प्युटर आणि दोन सीडी घेऊन. बहिणीच्या पलंगाशेजारी स्टूल ठेवून त्यानं त्यावर मॉनिटर मांडला, आणि कीबोर्ड तिच्या पोटावर ठेवता येईल अशी लाकडी फळी करून दिली. एका सीडीत खेळ होता. गवतातून फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना झुंजवत झुंजवत मोठं करायचं आणि गावोगावच्या उस्तादांना हरवत पुढं जायचं, असा. दुसऱ्या सीडीत तो खेळ उघडून आतून बदलण्याची साधनं होती. जगभरातले हौशी लोक तसं करतात, हे मला स्वप्नाकडूनच कळलं. मूळ खेळाचा सांगाडा तोच ठेवायचा. नकाशे, प्राणी, गोष्ट, सगळं आपलं घालायचं.

पुढचे आठ महिने ती पोर त्यातच होती. हळूहळू तिला टेकून बसायची परवानगी मिळाली, मग कामाला वेग आला. तिनं त्या खेळात राजस्थान आणलं. एकेक ठिपका भरून प्राणी काढले. काटेरी शेपटीचा सांडा सरडा, वाळूखालून चालणारा एक विंचू, चांदण्यासारखे खवले असलेली मिठातली मासोळी. पहिला उस्ताद चौमूं गावच्या बाजारात बसायचा. दुसरा सांभर सरोवराच्या मिठागरात. असे आठ. खेळाला तिनं नाव दिलं 'मरुखंड'. पात्रांचं बोलणं हिंदीत, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या सांगाड्यात देवनागरी मावत नव्हती.

जूनमध्ये तिनं खेळ इंटरनेटवर, अशा हौशी लोकांच्या अड्ड्यावर ठेवला. आठवड्याभरात दोनशे जणांनी उतरवून घेतला. मला बोलावून तिनं आकडा दाखवला. गाल लाल झाले होते तिचे.

मग अभिप्राय यायला लागले. चित्रं सुंदर, गावं सुंदर, मासोळी तर फारच सुंदर, पण सांभरला अडकलो. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे सांभरलाच अडकलेले. झालं होतं असं की चौमूंचा उस्ताद ताकदीच्या चौदाव्या पायरीवरचे प्राणी घेऊन लढायचा, आणि सांभरचा एकदम एकतिसाव्या. आसपासच्या गवतात मात्र आठव्या-नवव्या पायरीचे किरकोळ जीव. त्यांच्याशी झुंजून आपला प्राणी एकतीसपर्यंत न्यायचा म्हणजे सहा-सात तास त्याच गवतात येरझाऱ्या घालायच्या. आणि एवढं करून सांभर पार केलं, की पुढचे तीन उस्ताद इतके लिंबूटिंबू वाटायचे की खेळण्यात मजा उरायची नाही.

एकानं लिहिलं, "दिवसभर दुकानात उभा असतो. रात्री जेवणाआधी अर्धा तास मिळतो. तुमच्या खेळात तो अर्धा तास गवतात जातो. पंधरा दिवस झाले. आता सोडतोय. वाईट वाटतंय, कारण पुढची गावं बघायची होती."

स्वप्नानं त्याला उत्तर दिलं, "मेहनत करायची तयारी नसेल तर सोपे खेळ पुष्कळ आहेत."

तिनं ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "जरा कडक झालं नाही का गं?"

"काकू, मी स्वतः पूर्ण खेळलेय. तीनदा. सांभरचा उस्ताद मला अवघड नाही गेला. या लोकांना सगळं हातात हवंय."

मला त्यातलं काय कळत होतं?

त्याच सुमारास तिचं प्लास्टर निघालं आणि पट्टा आला. आठवड्यातून तीन दिवस शामराव किंवा शेजारच्या रिक्षावाल्याबरोबर ती व्यायामासाठी दवाखान्यात जायला लागली. अशाच एका दुपारी मी विरजण मागायला खाली गेले. दार लोटलेलं होतं. आत सुलोचनाताई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, पाठ ताठ, एकेक बोट जपून टाकत. समोर मिठाचं पांढरं मैदान आणि त्यात पगडीवाला उस्ताद.

मला पाहून त्या दचकल्या. "बसा व ताई. पोरीले सांगू नका."

"कधीपासून खेळताय?"

"महिना झाला असंन. मले वाटलं, पोरगी आठ महिने काय करून राहिली ते पाहावं तरी. इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून वाचतो. पण हा बाबा काही हटत नाही. एकोणीस वेळा हरली मी."

भांडी आणि संध्याकाळचा नळ यांच्यामध्ये त्यांना जेमतेम पाऊण तास मिळायचा, आणि तोही स्वप्ना घरात नसेल त्या दिवशीच. मी त्यांचे प्राणी बघितले. सहाही जण सारख्याच उंचीचे, बाराव्या-तेराव्या पायरीवर. मी अडाणीपणानं विचारलं, "एकालाच मोठं केलं तर नाही का जमणार?"

"एकालेच किती राबवाचं? आन् बाकीचे काय नुसते बसून राह्यतील?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा हरल्या. कॉम्प्युटर बंद करून त्यावर विणलेला रुमाल होता तसा टाकून त्या उठल्या.

मी कुणाला काही बोलले नाही. पण खेळ स्वतःच सगळी नोंद ठेवत होता. सुलोचनाताईंनी आपला डाव वेगळा राखला होता, हे खरं. मात्र तो राखला जातो कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऑगस्टमध्ये एका सकाळी स्वप्नाला तो सापडला. मी भाजी निवडायला खालीच बसले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

"मम्मी, हे कोण खेळलंय? चौदा तास? सगळं सांभरच्या अलीकडे?"

सुलोचनाताई कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मीच."

"तू? मला सांगितलं का नाहीस?"

"तुले सांगून काय होणार होतं? तू म्हटलं असतं, मेहनत कमी पडली."

स्वप्ना पडद्यावरचे ते सहा सारख्या उंचीचे प्राणी बघत राहिली. मग हळूच विचारलं, "इतक्यांदा हरलीस. सोडून का नाही दिलंस?"

"तू बनवलं म्हणून. दुसऱ्याचं असतं तं पयल्याच दिवशी बंद केलं असतं."

रागानं नव्हे, अगदी सहज म्हणाल्या त्या. स्वप्नानं भिंतीकडे तोंड केलं. तशीच म्हणाली, "काकू, माझ्याकडे आठ महिने होते. दुसरं काहीच नव्हतं. गवतात सहा तास फिरणं म्हणजे मला… मला बरं वाटायचं ते. कुठंतरी चालतेय असं वाटायचं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पट्ट्याचं कडक कापड लागलं.

त्या दिवसापासून तिनं एक नेम धरला. दुपारी चारला मम्मीनं खेळायचं आणि तिनं मागं खुर्चीवर वही घेऊन बसायचं. अट एकच: स्वप्नानं तोंड उघडायचं नाही. ही अट तिनंच स्वतःला घातली होती आणि ती पाळणं तिला फार जड गेलं. सुलोचनाताई मासोळीला उन्हात लढवायच्या, औषध चुकीच्या प्राण्याला द्यायच्या, ज्याच्याशी बोलायला हवं त्या म्हाताऱ्याला सोडून पुढे जायच्या. स्वप्ना ओठ दाबून लिहीत राहायची. एकदा न राहवून म्हणाली, "अगं मम्मी, त्या विहिरीपाशी—" आणि सुलोचनाताईंनी मागं न बघता बोट वर केलं. ती पुन्हा वहीकडे वळली.

वहीत बरंच काही जमा झालं. मम्मीला कळत नाही असं तिला आधी वाटलेलं. पण बहुतेक ठिकाणी खेळानं काही सांगितलेलंच नव्हतं. उस्तादाचा शेवटचा विंचू पाण्याला घाबरतो, हे फक्त बनवणारीला माहीत. सांभरच्या वाटेवर एकही मधली झुंज नाही. सहाही प्राण्यांना सारखं जपणाऱ्या माणसाला तर त्या खेळात जागाच नव्हती.

खेळ सुधारायला दोन महिने लागले. तिनं उस्तादाला एकतीसवरून एकवीसवर आणलं. वाटेत मीठ वाहणाऱ्या बायकांचा तांडा घातला. त्या झुंजतात, हरल्या की उस्तादाबद्दल चार गोष्टी सांगतात. गवतातले जीव गावागणिक थोडे थोडे मोठे केले. पुढच्या उस्तादांना चढत्या क्रमानं बळ दिलं. प्रत्येक बदलानंतर सुलोचनाताई पहिल्यापासून खेळायच्या. मधे दोनदा गणित उलटं बसलं. एकदा सांभर इतकं सोपं झालं की त्या म्हणाल्या, "आता याले काय अर्थ आहे? हा तं झोपलाच." स्वप्नानं पुन्हा आकडे वाढवले.

शेवटी कार्तिकातल्या एका दुपारी सांभरचा उस्ताद पडला. सुलोचनाताईंचे चार प्राणी गारद झाले होते, पाचवा टेकीला आला होता. विंचू आडवा झाला तेव्हा त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"झालं?"

"झालं, मम्मी."

"अवघड होता," त्या समाधानानं म्हणाल्या.

शामराव त्याच वेळी ड्यूटीवरून आले. दोघींना बघून त्यांनी विचारलं, काय झालं? लेकीनं सांगितलं तेव्हा त्यांनी गार्डाची पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "मंग मलेही दाखवा. पण पयलेपासून." त्यांना चौमूंपर्यंत पोचायलाच पंधरा दिवस लागले, आणि ते त्यांना मुळीच जड गेले नाहीत.

नवा 'मरुखंड' इंटरनेटवर ठेवण्याआधी स्वप्नानं त्या दुकानदाराला पत्र लिहिलं. मला दाखवलं नाही, फक्त सांगितलं, "माफी मागितली. बहाणे नाही लिहिले." तीन आठवडे उत्तर आलं नाही. पुढंही आलं नाही. नवा खेळ फार लोकांनी घेतला असंही नाही. एकदा नाव खराब झालं की लोक परत फिरकत नाहीत. पण ज्यांनी घेतला त्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटचं गाव पाहिलं, आणि कुणी कुणी आपल्या प्राण्यांची यादी पाठवली. स्वप्ना त्या याद्या आईला वाचून दाखवायची.

पुढच्या वर्षी ती पट्ट्याशिवाय चालू लागली, कॉलेजात परत गेली. पदवीनंतर मानसरोवरमध्ये एका छोट्या कचेरीत तिला काम मिळालं. शाळकरी मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे गणिताचे धडे तयार करायचे. तिथल्या साहेबांशी तिचा पहिल्याच महिन्यात वाद झाला. तयार धडा ती आधी कचेरीत चहा देणाऱ्या आनंदीबाईंना सोडवायला द्यायची. आनंदीबाई चौथी शिकलेल्या. साहेबांना तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"साहेबांनाच एक धडा सोडवायला बसवलं, आणि मी मागं उभी राहिले," ती म्हणाली. "तिसऱ्या गणिताला अडून ते माझ्याकडे वळून बघायला लागले. मी काहीच बोलले नाही."