हात न टेकता

आमच्या कोपरीतल्या वाणीशेठनी दुकान मुलावर सोपवलं होतं, पण हाताची सवय गेली नव्हती. दिसेल ती वस्तू उचलून तळहातावर तोलायचे. एकदा आमची मांजरसुद्धा "सव्वातीन शेर" म्हणून खाली ठेवली.

विषमज्वरातून उठल्यावर माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या पायांतलं बळच गेलं. जेवून पाटावरून उठायला त्यांना मी लागायचो. लाजेने त्यांनी पंगतीला जाणं सोडलं. हे कळताच शेठ फडक्यात दुकानातली जुनी वजनं बांधून आले.

"मास्तर, आज शेर. उद्याचं उद्या," ते आप्पांना म्हणाले.

"अहो, साठी उलटलेल्या माणसाला हे कसलं?" मी चिडलो.

"पडून राहिलेल्या पोत्यालाच कीड लागते," म्हणत त्यांनी आप्पांच्या दोन्ही हातांत वजनं दिली आणि स्टुलावरून उठबस करायला लावलं. मग रोज सकाळी तेच. शेराची अडीशेरी झाली, स्टुलाचा पाट झाला. मला मात्र धास्ती, कुठे पडले तर?

माघात डोंबिवलीला आप्पांच्या भाचीचं लग्न होतं. आप्पांनी शेठना बरोबर घेतलं. पंगत उठू लागली तसा मी सवयीने आप्पांकडे धावलो.

शेजारच्या पाटावरून शेठ ओरडले, "अरे, मला मठ्ठा आण आधी!"

वाटी भरून वळलो, तर आप्पा जमिनीला हात न टेकता उठत होते. जरा थांबत, पण आपले आपण. माझा जीव भांड्यात पडला.

मठ्ठा मीच प्यायलो. शेठना तो कधीच चालत नसे.